सुंद्राची शिट्टी

त्या दिवशी पहाटे मी कंदील वर धरला आणि घरातला इजेचा दिवा लागलाय का ते बघितलं.

"लागला का?" सुंद्रानं बाहेर बॉयलरपासून इचारलं.

"लागलाय वाटतं. कंदील खाली करू?"

"आत्ताच नगा. दिसायचा न्हाय."

सुंद्रा माझी बायको. तेर गावामधी सगळे तिला इंजीनवाली म्हणायचे. तिचा बाप कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. निजामाची मोगलाई सरली, कारखाना बंद पडला, तवा त्यानं तिथलं एक लहान वाफेचं इंजीन बैलगाडीत घालून आमच्या दारात आणून सोडलं. लोकांच्या बायका माहेराहून लुगडं आणतात. माझीनं बॉयलर आणला.

मोडक्या लारीचा डायनामो तिनं पट्ट्यानं त्याला जोडला. रोज भाराभर बाभूळ जाळायची आणि काजव्याएवढा दिवा लावायची. मी म्हणायचो, "अगं ए, एवढ्या लाकडात गावजेवण होईल." ती म्हणायची, "आधी पानी बघा, मग आगीचं बोला." बॉयलरात पाणी कमी असताना आग वाढवली की तो फुटतो, हे बापानं तिला शिकवलेलं. ती ते सगळीकडं लावायची. पुतणीला बघायला पाहुणे आले, तिथंबी हेच बोलली. पाहुणे बिचारे उठून आमची विहीर बघून आले.

थंडीत ऊब पाहिजे म्हणून वाफेची नळी भिंतीतनं फिरवली. बंद करायला तोटी बसवायची तेवढी राहिली. चैतात घर भट्टीसारखं तापलं. घर उजेडात आणि आम्ही दोघं लिंबाखाली अंधारात. ही तिथनं घराकडं बघून म्हणते, "कसं झ्याक दिसतंय!"

पुढं इजेचे सरकारी खांब आले. साहेब म्हणाला, "बाई, हे सोडा. नुसतं बटन दाबा." हिनं इचारलं, "तुमच्या तारंनं आंघुळीचं पानी तापतं का?" आमच्या नळीचं कढत पाणी न्यायला अर्धी आळी बादल्या घेऊन उभी होती. साहेबबी एक बादली अंगावर घेऊन गेला.

पण खरा ताप शिट्टीचा. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय, ही रीत. मी रानात, ती घरी, हाक मारणार कशी? बॉयलरची शिट्टी वाजवायची. एक लांब म्हणजे भाकरी झाली. दोन आखूड म्हणजे पाहुणे आलेत, धोतर नीट नेसून या. माझं जेवण साऱ्या गावाला कळायचं. शेजारच्या रामलिंगाचे बैल तर लांब शिट्टीला नांगराच्या तासातच उभे राहायचे, मी जेवून येईस्तोवर हलायचे न्हायत. "बायकूला आवर," रामलिंग बोंबलायचा, "माझी बैलं बिघडवली तिनं!"

त्या पहाटे लाकूड सारता सारता ती म्हणाली, "एकदा तुमी वाजवा की. मला कुणी बोलवतच न्हाय."

"तुला नाव हाय की."

"नाव घेता कुठं? 'अगं ए' म्हणता."

"बाईमाणसाला शिट्टी वाजवू व्हय? गाव काय म्हणंल?"

ती हसली. मी औत घेऊन रानात गेलो.

दुपारी शिट्टी झाली न्हाय. लाकूड ओलं असंल म्हणून मी तिलाच शिव्या घातल्या. रामलिंगाचे बैल आपले चालतच होते. ऊन कललं तवा आळीतली गोदा हातात रिकामी बादली घेऊन बांधावर आली.

"दादा, घरी चला. वहिनी उठंनात."

बॉयलरला टेकून बसली होती. मांडीवर बाभळीचं एक लाकूड. बॉयलरच्या मापाच्या काचेत पाणी बरोबर होतं. आग विझली होती.

सरणाला तिनंच रचलेली बाभूळ गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदानं भाकऱ्या आणल्या. सुतकात घरात चूल पेटवत न्हायत. कोपऱ्यात चार लाकडं उरली होती, ती मी बॉयलरकडं नेली.

"दादा, आज जाळ करू नये."

"ही चूल न्हाय."

आधी पाणी बघितलं. मग आग लावली. वाफ चढेस्तोवर दोन ताटं मांडली, मग शिट्टीची दोरी ओढली. एक लांब.

रामलिंग बैल घेऊन दारावरनं चालला होता. बैल जागीच थांबले. तोबी थांबला.

"सुंद्रा," मी सगळ्यांच्या देखत हाक मारली, "जेवायला ये."