सगळी असेंबली आहे

आमच्या कॉलनीत मेश्रामजींसमोर 'हे माझं' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की त्यांच्या खिशातला पाना बाहेर आलाच. मी एकदा बेसावधपणे बोलून बसले, "माझा मिक्सर बिघडला." अर्ध्या तासात ओट्यावर त्याचे तुकडे ओळीनं मांडलेले, आणि मेश्रामजी अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारताहेत, "दीदी, यातला मिक्सर कोणता?"

"मेश्रामजी, मला चटणी वाटायची आहे!"

"चटणी होईन न. पहिले हे सांगा, हे भांडं मिक्सर होय का?"

"नाही."

"हे पातं?"

"नाही हो!"

"मंग मिक्सर गेला कुठी?"

"चुलीत गेला!" मी म्हटलं. यावर माणूस खजील होईल की नाही? छे! त्यांना वाटलं, मला मुद्दा पटला. "बस, समजलं तुमाले. मिक्सर असा कोणी नाहीच. सगळी असेंबली आहे." त्या दिवशी आम्ही चटणीशिवाय जेवलो.

मेश्रामजी भंडाऱ्याकडचे. उभा जन्म जबलपुरात, संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत फिटर म्हणून गेला. लोक धम्म पुस्तकांतून शिकतात, यांना तो असेंबली शॉपमध्ये उमगला. आत 'मी' म्हणून कोणी बसलेला नाही. एकात एक अडकलेलं आहे, म्हणून चालून राहिलं आहे. एक नट सैल झाला, की सगळ्या जगाला कळतं. हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान, आणि हे दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

विहारात दर रविवारी ते पोरांचा वर्ग घेत. एका रविवारी अध्यक्ष आपली नवी स्कूटर दाराशी लावून आत मीटिंगला बसले. बाहेर आले तर चटईवर एका बाजूला चाकं, एका बाजूला सीट, मधे हँडल, आणि भोवती पोरं गोल करून बसलेली. अध्यक्ष ओरडले, "माझी स्कूटर!"

मेश्रामजींनी हात जोडले. "साहेब, यातून तुमची स्कूटर दाखवा, लगेच देतो."

अध्यक्षांना पायी घरी जावं लागलं. स्कूटर संध्याकाळी पोचली, आणि आधीपेक्षा चांगली चालायला लागली. म्हणून तर मेश्रामजींना विहारातून कोणी काढलं नाही.

मला त्यांचा राग यायचा. खोटं काहून बोलू? रोज सकाळी सात वाजता ते आमच्या पडवीत चहाला हजर. विमलताई, म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी वारली, मुलगा पुण्याला. एकटा माणूस, म्हणून मी चहा द्यायची. पण चहाबरोबर प्रवचन ऐकावं लागायचं, की या कपात शहपुऱ्याची गाय आहे, आसामचा मळा आहे, गॅस आणणारा भैया आहे. मी म्हणायची, "आणि ज्या बाईनं पहाटे उठून केला ती?" तर म्हणे, "हाव, तुम्हीबी आहा थोड्या."

थोड्या!

त्यांना पुरून उरणारं माणूस आमच्या घरात एकच होतं, माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, उंची चार फूट नऊ इंच, आणि आवाज असा की नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या नावाड्यांनीही वचकून असावं. ऐन तिशीत वैधव्य आलं, तीन पोरं वाढवली. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "मी कोणाचा आधार घेतला नाही." दर अमावास्येला घाटाच्या पायऱ्या एकट्या उतरायच्या, कोणी हात पुढे केला तर त्या हातावर फटका मारायच्या.

त्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या आठवड्यात उभ्या राहिल्या तर चालतील. नाही तर कायमच्या अंथरुणाला." मी दुकानातून वॉकर आणला. सासूबाईंनी तो ढकलून पाडला. "मी माझ्या पायांनी उठीन, नाही तर नाही उठणार. ही घोडी परत दे."

पाच दिवस झाले. त्या आपल्या पायांनी उठेनात, आणि घोडीला हात लावेनात. मी चिडले, रडले, पाया पडले. शेवटी सहाव्या दिवशी सकाळी मेश्रामजी चहाचा कप घेऊन त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. मी मनात म्हटलं, आता हे सासूबाईंचे स्क्रू खोलतात!

"मावशी, तुमच्या मांडीत रॉड आहे तो तुम्ही का?"

"मी कशाला? तो डॉक्टरचा."

"डॉक्टरनं नाही बनवला. कोण्या तरी फिटरनं घासला असन. आन् दोन बाटल्या रक्त चढलं ते?"

"असेल कोणाचं."

"कोणाचं तरी तुमच्या अंगात फिरून राहिलं न? तीन पोरं वाढवली तवा शेजारीण बघत होती का नाही पोराईकडं, तुम्ही शिवणाच्या क्लासले जात तवा?"

सासूबाईंनी आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गोदाबाई होती. देवमाणूस."

"मंग एकट्या कधी होत्या तुम्ही?"

"माझ्या आत कोण कोण आहे ते मोजू नका. चहा प्या अन् निघा." पण आवाजातली धार गेली होती. थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, "दुकानातली नको मला. ती दवाखान्यासारखी दिसते."

मेश्रामजी कप तसाच ठेवून उठले. मला वाटलं, आता फॅक्टरीच्या भंगारातून काही जुळवतील, दोन दिवस जातील. ते पंधरा मिनिटांत परत आले. हातात वॉकर होता. सायकलचे पाईप जोडून बनवलेला, मुठींना निळ्या सुती साडीची पट्टी गुंडाळून बारीक टाके घातलेला. असा चिकाटीनं केलेला वॉकर मी कुठल्याही दुकानात पाहिला नव्हता.

सासूबाईंच्या बाजूला उभा केला, तर तो उंच झाला. त्या उभ्या राहिल्या असत्या, तर मुठी कमरेच्या चार बोटं वर आल्या असत्या.

"कापावा लागन," मेश्रामजी म्हणाले. करवत आणली. वॉकर अंगणात आडवा केला, खडूनं खूण केली आणि पात्यावर हात ठेवून बसले. बसले ते बसलेच. साऱ्या कॉलनीच्या वस्तू खोलणारा माणूस, आणि हात हलेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"विमलच्या मापाचा आहे, दीदी." त्यांनी वर पाहिलं नाही. "तिले लकव्यानंतर उभं करायचं होतं. तीन महिने लावून बनवला. ही साडीबी तिचीच. चार दिवस चालली यानं. घरी खाटेपासून दारापर्यंत." मग म्हणाले, "मले सगळं समजते. समजून बी जीव तुटते."

इतक्या वर्षांत मी या माणसाला एकदाही धड विचारलं नव्हतं, की घरी गेल्यावर तुम्ही काय करता. माझी मलाच शरम वाटली. "राहू द्या," मी म्हटलं. "आपण दुसरा करू."

"नाही. आज उभं नाही राहिल्या तर कधी राहातीन?" आणि त्यांनी करवत चालवली. चारही पाय, प्रत्येकी चार बोटं. एकदाही थांबले नाहीत. रबराचे बूट परत बसवले, जमिनीवर ठेवून डगमगतो का ते पाहिलं.

खिडकी उघडीच होती, सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. वॉकर आत नेला, तेव्हा त्यांनी स्वतःच पांघरूण बाजूला सारलं. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. निळ्या मुठींवरून त्यांनी अंगठा फिरवला, टाके चाचपले.

"कोणाची म्हणालात ही घोडी?"

"विमलची."

सासूबाईंनी मुठी घट्ट धरल्या, ओठ आवळले आणि म्हणाल्या, "चल गं विमल. मला धर."

पहिलं पाऊल पडलं. मग दुसरं. मेश्रामजी त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी, दोन्ही हात पसरून दाराकडे सरकत होते. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात खाली घेतला नाही.