खेलोजी माहुताची सेवानेमणूक कैसी जाहली त्याची बखर

श्रीगजवदनास वंदन करून, शारदेस लेखणीचे टोकीं बैसवून, आणि वाचणारांचे गुडघे शाबूत राहोत ऐसें मागून हें लिहिलें आहे. शके सतराशें दोन, शार्वरी नाम संवत्सर, ते वर्षीं या राज्याचे महाराज घोड्यावरून उतरतां पाय मुरगळून पलंगीं पडले, आणि पाण्याचा पेला देखील दुसऱ्यानें हातीं द्यावा ऐसा प्रसंग आला, तेव्हां त्यांचे मनांत आलें कीं आपणांस तों सेवक रांगेनें उभे आहेत, परंतु राज्यांत जे वृद्ध, पांगळे, एकटे असतील त्यांस पाणी कोण देतो? मग प्रधानास बोलावून आज्ञा केली कीं ज्याचें जें आपले हातें होत नाहीं त्याची घरोघर जाऊन पारख करावी, आणि गरज पाहून दरसालची नेमणूक बांधून द्यावी, आणि ती कशावर खर्चावी हें ज्याचें त्यानें ठरवावें, सरकारानें मध्यें बोलूं नये. ऐसें फर्मावून पाय बरा होतांच महाराज शिकारीस गेले. आणि विसाजीपंत म्हणून एक भले गृहस्थ होते त्यांस गरजनवीस हा नवा किताब, पालखी, छत्री आणि विचारावयाचे प्रश्नांची पोतडी देऊन रवाना केलें.

ते समयीं नदीकांठचे पेठेंत खेलोजी माहूत राहत असत. तारुण्यांत सरकारी पीलखान्यांत त्यांचा ऐसा दरारा कीं मस्तीस आलेला हत्ती त्यांचें खांकरणें ऐकून कान पाडी; परंतु वृद्धपणीं त्यांचे गुडघे फितूर जाहले, बसले तर उठवेना आणि उठले तर बसवेना. बायको निवर्तली, मूलबाळ नाहीं. शेजारीं सगुणाबाई कासारीण, विधवा, बांगड्यांचें दुकान चालवीत, त्याच त्यांस सकाळीं बाजेवरून उठवीत, न्हाणीपर्यंत धरून नेत, भाकरी देत. आणि मग खेलोजी दिवसभर "सगुणे, सगुणे" ऐशा हाका मारीत. गिऱ्हाइकाचे हातीं बांगडी अर्धी चढली असतां हाक आली म्हणजे बाईंनीं तो हात तैसाच टाकून धांवावें. येणेंकरून बाईंची कंबर गेली आणि गिऱ्हाइकेंही गेलीं. मग बाईंनीं निक्षून सांगितलें कीं गरजनवीस पेठेंत येत आहेत, नेमणूक जाहली तर बरें, न जाहली तर मी लेकीचे गांवीं जातें, आणि तुम्हांस राजधानीचे धर्मशाळेंत नेतील, तेथें सर्वांस एकदम उठवितात आणि एकदम निजवितात. हें ऐकून खेलोजी मिशीवर हात फिरवून "पाहूं" इतकेंच बोलले.

मग पंत आले. खेलोजींनीं दाढी करविली होती, जुना सरकारी मंदील बांधिला होता, आणि आदरातिथ्याचे भरांत आपण कोणत्या संकटांत आहों हेंच विसरले. पंतांनीं पुसिलें, स्नान आपले हातें होतें काय? तर म्हणाले, आम्हीं हत्ती धुतले, आमचें अंग तें किती. जिना चढवतो काय? तर किल्ल्याचे बुरुज चढलेले सांगितले. स्वयंपाक? तर छावणीचे भाताची कथा मांडिली. दाराआड सगुणाबाई इशारतीस्तव बांगड्या वाजवीत होत्या, पंतांस वाटलें दुकान चाललें आहे. मग पंत म्हणाले, उठून दाखवावें. तेव्हां खेलोजींनीं दांत आवळून जो हिसका दिला तो उभे राहिले, आणि एकदां चालू जाहले ते थांबवेना, म्हणून अंगण ओलांडून, वेस ओलांडून, उतारानें घाटाकडे निघाले, आणि पंत मागून "वाहवा, काय चाल" ऐसें म्हणत धांवले, आणि खेलोजी जाऊन थेट घाटावर ठेविलेल्या पंतांचे पालखींत आपटले. पंतांनीं तेथेंच शेरा लिहिला कीं यांस गरज कांहीं नाहीं, उलट यांसच कोणाचे सेवेस द्यावें.

परंतु पालखी मोकळी होईना. पंतांनीं अदबीनें सुचविलें कीं आम्हांस पुढें जाणें आहे. खेलोजी म्हणाले, गादी मऊ आहे. पुन्हां सुचविलें, खेलोजी आकाशाकडे पाहूं लागले. भोई हंसूं लागले. इतक्यांत सगुणाबाई कंबर धरून पोहोंचल्या आणि पालखीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचें तोंड पाहून खेलोजींची मान खालीं गेली.

"पंत, मजला उठतां येत नाहीं," ते हळू बोलले.

"केव्हांपासून?"

"पुष्कळ दिवस जाहले. हिलाच ठाऊक."

मग पंतांनीं भोयांस दूर पाठविलें, छत्री मिटली, पालखीशेजारीं धुळींत मांडी घातली, आणि सर्व प्रश्न पहिल्यापासून पुन्हां पुसिले. या खेपेस उत्तरें खरीं आलीं. स्नानाचे प्रश्नीं खेलोजींचे डोळे भरले, तें त्यांनीं भोयांचे तंबाखूवर घातलें. नेमणूक मंजूर जाहली, आणि पंत म्हणाले कीं दोन दांडगे चाकर ठेवावे. खेलोजी म्हणाले, परक्या माणसानें बगलेंत हात घालून उचलिलें म्हणजे मजला पोतें जाहल्यासारखें वाटतें. मजला वेलदोडा द्यावा. वेलदोडा म्हणजे खेलोजींनीं वाढविलेला हत्ती, आतां म्हातारा, एका डोळ्यानें अधू, पीलखान्यांत कोणासही जवळ येऊं देत नसे. प्रधानानें हरकत घेतली कीं हत्ती हा चाकर नव्हे. पंतांनीं उत्तर लिहिलें कीं आज्ञेप्रमाणें सरकारानें मध्यें बोलूं नये. मग प्रधानानें चिडून लिहिलें कीं तैसें असेल तर हत्तीचीही पारख करावी. पंत आज्ञाधारक, त्यांनीं वेलदोड्यासमोर उभें राहून सर्व प्रश्न मोठ्यानें वाचिले. वेलदोड्यानें सोंडेनें त्यांची पगडी उचलून खाल्ली. पंतांनीं लिहिलें, "अन्न आपले आपण घेतो, सोबतीची गरज भारी." आणि त्याचे वैरणीची नेमणूक खेलोजींचे नेमणुकीस जोडिली.

पेठ सोडून निघतांना पंतांनीं सहज सगुणाबाईंस पुसिलें कीं तुमची गरज काय. बाईंनीं हातांतली बांगडी खालीं ठेविली.

"हें मजला कोणी पुसिलें नव्हतें," त्या म्हणाल्या. "दुपारीं मजला कोणी हाक मारूं नये."

तैसी सनद जाहली. मग वेलदोडा आला, आणि रोज सकाळीं सोंडेनें खेलोजींस अलगद बाजेवरून उचली, नदीवर नेई, आणि खेलोजी त्यास शिव्या देत आणि तो यांजवर पाणी उडवी, आणि उभयतांचें अंग स्वच्छ होई. पहिले दिवशीं दुपारीं बाईंनीं गिऱ्हाइकांचे हात भरभरून बांगड्या भरिल्या, मग पाठ टेकिली, मग कूस बदलिली, मग उठून भाकरी घेऊन शेजारचे अंगणीं गेल्या.

खेलोजी घाबरून म्हणाले, "मी हाक मारिली नाहीं हो."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या, आणि हत्तीस बाजूस सारून बसल्या.

एकूण मजकूर हा कीं एक माहूत उठता जाहला, एक हत्ती रमला, एका बाईची पाठ टेकली, आणि गरजनवीसांनीं सरकारांत नव्या पगडीची गरज कळविली, तिची पारख अद्याप चालू आहे. इति.