हर्षदा मॅडमने दिलेला कौल

"मॅडम, सायवनचं लग्न मोडलं," सुरज दारातूनच म्हणाला.

गुरुवारची सकाळ होती. डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात हर्षदा नुकतीच चहात खारी बुडवत होती.

"कोणाचं लग्न?"

"जीवन आणि योगिताचं. पुढच्या गुरुवारी होतं ना. तुम्ही नको म्हणालात म्हणून मोडलं, असं सगळा पाडा बोलतोय."

खारी मोडून चहात पडली आणि तळाला गेली. हर्षदाने कोणाला लग्न करू नका म्हणून सांगितले नव्हते. तिच्या अंगात तेवढी धमकच नव्हती. नरपडला आई दर रविवारी एखादे स्थळ पुढे करायची आणि ही बया त्यालासुद्धा धड 'नको' म्हणू शकत नव्हती. 'बघू' म्हणायची आणि चिकूच्या वाडीत निघून जायची. असे असताना तिने दुसऱ्याचे ठरलेले लग्न मोडले होते म्हणे.

हर्षदा होती सिकलसेल प्रकल्पाची लोकसंवाद अधिकारी. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आजार. तो आईबापांकडून मुलांत उतरतो. त्यावरचे संशोधन लोकांना सोप्या भाषेत समजावायचे आणि त्यांना रक्त तपासायला राजी करायचे, हे तिचे काम. दोन महिने तिने सायवनच्या वरच्या पाड्यावर ते मन लावून केले होते. शाळेच्या भिंतीवर चित्रे दाखवली, 'गुणसूत्र' आणि 'अप्रभावी जनुक' असे शब्द फोडून फोडून सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी रेशनकार्डाचे साहेब कधी येणार म्हणून विचारले. रक्त द्यायला मात्र कोणी आले नाही. सोबत सुया आणि नळ्या घेऊन येणारा सुरज दर वेळी शाळेच्या ओट्यावर झोप काढून परत येई.

मग प्रकल्पाच्या मुंबई कार्यालयातून प्रविण सरांचा फोन आला. लोकांच्या भाषेत सांगा, स्थानिक साहित्य वापरा, लोकांना सामील करून घ्या, असे ते म्हणाले. हर्षदाने ते अक्षरशः मनावर घेतले.

सोमवारी तिने पाड्यावर गेल्या गेल्या पहिल्या घरातून एक सूप मागून घेतले. पुढच्या घरातल्या ठकीबाईकडून मूठभर तांदूळ आणि चिमूटभर कुंकू घेतले. अर्धे तांदूळ कुंकवाने लाल केले. पांढरा दाणा म्हणजे चांगला गुण, लाल दाणा म्हणजे आजाराचा गुण. प्रत्येकाकडे दोन दाणे असतात, एक आईचा आणि एक बापाचा; दोन्ही लाल आले तरच आजार. मग उदाहरणाला जोडपे हवे म्हणून तिने गर्दीतून हसऱ्या चेहऱ्याची दोन माणसे बोलावली. ती नेमकी जीवन आणि योगिता निघाली. दोघांसमोर सुपात एकेक लाल आणि एकेक पांढरा दाणा ठेवला, डोळे मिटून एकेक उचलायला सांगितले. दोघांच्याही हातात लाल आला.

"हे बघा," हर्षदा उत्साहाने म्हणाली होती, "यांचं मूल आजारी होणार."

सगळा पाडा चिडीचूप झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच एवढी शांतता आणि एवढे एकाग्र चेहरे पाहून हर्षदाला भरून आले होते. परतताना जीपमध्ये तिने प्रविण सरांना फोन करून सांगितलेसुद्धा, की सर, आज लोकांपर्यंत विषय पोचला.

विषय चांगलाच पोचला होता. सुरजने आता तो उलगडून सांगितला. ते पहिले घर होते लडक्या भगताचे. सूपही त्याचेच. पाड्यावर कोणाचे दुखलेखुपले, कोणाचे हरवले की लडक्या त्याच सुपात तांदूळ घेतो, जोडीजोडीने मोजतो आणि कौल सांगतो. "तुम्ही भगताचं सूप घेतलं, तांदळाला कुंकू लावलं, पोरापोरीला समोर बसवून दाणे उचलायला लावले, आणि मूल आजारी होणार म्हणून सांगितलं," सुरज म्हणाला. "आता याला काय म्हणायचं मॅडम?"

"हे तू मला सोमवारी का नाही सांगितलंस?"

"मी झोपलो होतो ना ओट्यावर."

जीप सायवनच्या रस्त्याला लागली. जीवन आणि योगिताचे एकमेकांवर मन होते, हे तर सोमवारी बघणाऱ्या कोणालाही कळले असते. योगिताने दाणा उचलताना आधी जीवनकडे पाहिले होते. आपण त्या दोघांच्या संसाराला सुरू होण्याआधीच दृष्ट लावली, या विचाराने तिला रडू येऊ लागले. आता करायचे काय? कौल भगताच्या सुपातून गेला होता, तेव्हा परतही त्यानेच घ्यावा, असे तिने वाटेतले गंजाड ओलांडता ओलांडता ठरवले.

लडक्या भगत अंगणात दोरी वळत बसला होता. त्याने तिचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न विचारला.

"किती वेळा पाह्यलं तुम्ही?"

"एकदाच."

"एकदाच?" लडक्याने दोरी खाली ठेवली. "मॅडम, मी साधी शेळी हरवली तरी तीन वेळा पाहतो. तिन्ही वेळा एक आलं तरच बोलतो. तुम्ही एकदा दाणे उचलले नि पोरांचं लगीन मोडलं?"

एम.एस्सी.ला हर्षदाला संख्याशास्त्रात पहिला वर्ग होता. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे तिने परीक्षेत चार पाने भरून लिहिले होते. ती खाली मान घालून उभी राहिली. तो कौल नव्हताच, नुसते उदाहरण होते, असे तिने कसेबसे सांगितले. मग सूप कशाला नेले, असे लडक्याने विचारले. शेवटी त्याने स्पष्टच सांगितले, की ज्याने सांगितले त्यानेच मागे घ्यायचे असते. दुसऱ्याच्या बोलण्यात तो हात घालत नाही. मात्र तो उठला आणि तिला ठकीबाईकडे घेऊन गेला.

ठकीबाई म्हणजे पाड्याची ढवळेरी. इथली लग्ने तीच लावते. तिने गाणी म्हटल्याशिवाय नवरानवरी एकमेकांची होत नाहीत. हे लग्नही तीच लावणार होती आणि तीच अडून बसली होती. जाणूनबुजून आजारी मूल पदरात टाकणारे लग्न मी लावणार नाही, असे तिने दोन्ही घरांना सांगून टाकले होते. तिच्या अंगणात बघता बघता पाडा जमला. जीवन एका कोपऱ्यात आणि योगिता दुसऱ्या कोपऱ्यात बसली होती. योगिताचे डोळे सुजलेले होते, आणि ते पाहून हर्षदा जीपमध्ये जुळवलेले नेटके बोलणे विसरून गेली.

तरी तिने सुरुवात केली. दोघांत दोष आहे की नाही हे आपल्याला माहीतच नाही, आणि अगदी दोघे वाहक, म्हणजे एकेकच लाल दाणा असलेले, निघाले तरी प्रत्येक मूल आजारी होते असे नाही, चारात एकाची शक्यता असते, असे ती म्हणाली. लोकांचे चेहरे जरा उजळले. जीवनच्या बापाने, धोंडीने, बाकीच्यांशी हळू आवाजात काहीतरी बोलून घेतले आणि तो उठला.

"मॅडम, मग ठरलं. तीन पोरं झाली का बस करतील. चौथं होऊच द्यायचं नाय."

सगळ्यांना हे पटले. योगितासुद्धा डोळे पुसून मान हलवू लागली. तसे नसते, हर्षदा म्हणाली, पहिलेच मूल आजारी असू शकते. मग चारात एक कशाला म्हणालात, असे धोंडीने विचारले. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक, हर्षदा म्हणाली. म्हणजे चारही होऊ शकतात का, असे योगिताच्या आईने, बारकीने, विचारले. होऊ शकतात, पण फार क्वचित, असे हर्षदा म्हणाली, आणि त्याच क्षणी तिला कळले की हे बोलायला नको होते. बारकीने पदर डोळ्याला लावला. हर्षदा जितके खरे सांगत होती तितके लग्न आणखी मोडत चालले होते.

"चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली, आणि तिला रडू फुटले. "ते दाणे काही सांगत नाहीत. मलाही काही माहीत नाही. मी नुसतं दाखवत होते. खरं काय ते रक्तच सांगतं, आणि रक्त मी कोणाचं तपासलेलंच नाही."

दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात एकही अवघड शब्द नव्हता.

"मग घे रक्त," ठकीबाई म्हणाली. "यांचं घे, माझंही घे. पण आधी तुझं. आम्हाला सांगतेस तर तुझंही कळू दे."

हर्षदाचे रक्त कधी तपासलेले नव्हते. तशी गरजच तिला वाटली नव्हती. आजार पाड्यांवरचा आणि आपण नरपडच्या, असे तिच्या मनात कुठेतरी पक्के बसले होते, जरी पुस्तकात तसे कुठेच लिहिलेले नव्हते. तिने बाही वर केली. सुई टोचताना तिने डोळे घट्ट मिटले, त्यावर बायका हसल्या, आणि त्या हसण्याने अंगणातला ताण थोडा सैल झाला. तिच्यामागे जीवन, मग योगिता, मग धोंडी, मग लडक्या भगत. लडक्याने तीन वेळा घ्या म्हणून हट्ट धरला. नमुना तपासताना दोन वेळा तपासतात हे सांगितल्यावर तो एकदाच द्यायला तयार झाला. दुपारपर्यंत सुरजच्या नळ्या संपल्या आणि त्याला जीप घेऊन डहाणूला पळावे लागले. संध्याकाळपर्यंत एकशे बारा जणांचे रक्त घेऊन झाले होते.

निकाल मंगळवारी मिळणार होते. मधले दिवस हर्षदाने कसे काढले ते तिचे तिलाच माहीत. लडक्याच्या नियमाने बघावे तर दाणे एकदाच उचलले होते, त्यांना काही अर्थ नव्हता. पण समजा, खरोखरच दोघे वाहक निघाले तर? मग तिने चुकून जे सांगितले तेच खरे ठरणार, आणि पाडा पुढच्या वेळी तिच्याकडेच शेळी शोधायला येणार. तिला जेवण जाईना. प्रविण सरांनी फोन करून एकशे बारा नमुन्यांबद्दल अभिनंदन केले आणि पद्धत लिहून पाठवायला सांगितली, म्हणजे इतर तालुक्यांत वापरता येईल. तिने फोन कट झाल्याचे नाटक केले.

मंगळवारी लखोट्यांचा गठ्ठा आला. हर्षदाने आधी दोनच उघडले. जीवन, पूर्ण निर्दोष. योगिता, वाहक. तिने दोन्ही कागद पुन्हा वाचले, मग सुरजला वाचायला लावले. एकच जण वाहक. म्हणजे या दोघांच्या कोणत्याच मुलाला हा आजार होणार नव्हता. ती खुर्चीवरून उठली आणि सुरजला जीप काढायला सांगितली.

निकाल ज्याचा त्यालाच सांगायचा हा प्रकल्पाचा नियम. पण जीवन आणि योगिताने ठकीबाईसमोरच सांगा म्हणून सांगितले. हर्षदाने सांगितले. या वेळी तिने सूप, दाणे, आकडे, काही आणले नव्हते. ठकीबाईने तीन वेगवेगळे प्रश्न विचारून खात्री करून घेतली, मग योगिताला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मांडवाचे सामान आणायला जीवनला पिटाळले. योगिता त्याच्यामागे गेली. कोणी तिला जा म्हटले नव्हते. हर्षदाच्या डोक्यावरचे ओझे उतरले. तिने उरलेले लखोटे नावाप्रमाणे लावायला घेतले. त्यात तिचाही होता. तिने तो सहज, बोलता बोलता उघडला.

वाहक.

'वाहक म्हणजे आजारी नाही' हे वाक्य हर्षदाने दोन महिन्यांत शेकडो वेळा म्हटले होते. वहीतून मान वरसुद्धा न करता ती ते म्हणत असे. आता तेच वाक्य ती मनात म्हणू लागली, पण ते काही केल्या पुढे सरकेना. कागदावरची अक्षरे हलू लागली. आपली आई की बाबा? दम लागतो तो यानेच का? गेल्या वर्षी गुडघा दुखला होता तो? तिने कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलेले नव्हते.

"काय झालं, बाय?" ठकीबाईने विचारले.

"योगितासारखंच," म्हणत हर्षदाने कागद पुढे केला. ठकीबाईला वाचता येत नव्हते, पण चेहरा वाचता येत होता. ती तिच्याजवळ सरकून बसली आणि तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"हे बघ. हा हात तुला आईनं दिला असं समज, हा बापानं. योगितासारखाच तुझा एक हात धड हाय, एक जरा अधू. पण एका धड हातावर तुझं काम निभतंय ना? आजवर निभलं, पुढं निभेल. पोर होईल तेव्हा त्याला तू एकच हात देणार, दुसरा त्याचा बाप देणार. बापाचे दोन्ही धड असले का पोराचा एक तरी हात धडच. म्हणून नवरा करशील तेव्हा त्याचं रक्त आधी बघ. एवढंच हाय हे."

हर्षदाने असे सोपे सांगणे आयुष्यात ऐकले नव्हते. कोणत्या पुस्तकात नव्हते, प्रविण सरांच्या प्रशिक्षणात तर नव्हतेच. तिला एकेक शब्द कळला. तिने मान हलवली, नाक पुसले, आणि अगदी लहान आवाजात विचारले, "पण मला काही होणार नाही ना?"

ठकीबाई रागावली नाही की हसली नाही. तिने हर्षदाचा उजवा हात पुन्हा हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.