कोठीची खिट्टी आणि माझे मिलिंग मशीन

१९३९ च्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पदवी घेऊन मी मुर्रीला, आमच्या गावी, परतलो आणि धानाच्या कोठीच्या कडीत अडकवायची मोडलेली खिट्टी लोहाराकडे न पाठवता घरीच घडवण्याचा एक लहानसा निर्णय घेतला. (तो चुकीचा होता, असे मी आजही मानत नाही.)

साधन हाताशी होते. नागपूरला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात मी पायाने चालणारे छोटे मिलिंग मशीन घेतले होते. त्यातला दातेरी कटर गरगर फिरतो आणि त्याखाली सरकणारे लोखंड खरवडून निघते. वडिलांना, म्हणजे केशोरावांना, ते ओसरीवर मुळीच खपत नव्हते.

"सांजवरी खिट्टी बसली तं मशीन राहील. नाई तं उद्या भंगारात!"

"मान्य, बाबाजी," मी ताठ मानेने म्हणालो.

माझा सिद्धांत असा : वरवर अनेकदा खरवडल्यास कटरचे फक्त टोक झिजते, खोल उतरून बाजूने थोडे थोडे कापल्यास संपूर्ण धार कामी येते आणि धातू झपाट्याने निघतो. अडचण एवढीच की हलके यंत्र अशा वेळी थरथरते. मी ताबडतोब उपाय योजला.

"अजी, माहा पाटा कायले उचलून राहिले?" स्वयंपाकघरातून पत्नी, शामकला, धावत आली.

"यंत्राला वजन हवे."

"मंग चटनी काय तुमच्या पुस्तकावर वाटू? अन् जवसाचं तेल कुठी गेलं?"

"कटरला घातले. त्याशिवाय तो तापतो."

"कटरले! घरच्या मानसायले फोडनीत थेंब थेंब, अन् ह्या कटरले वाटीभर!"

मी पायाखालची पायटी दाबून यंत्र सुरू केले. (शास्त्रीय कार्यात वाद टाळावा.)

धातू खरोखरच झपाट्याने निघाला. मात्र यंत्र थरथरल्यामुळे एका बाजूवर खवले उठले. ते साफ केले, तर समोरची बाजू तिरपी दिसू लागली. ती सरळ केली, तर पहिली पुन्हा खटकली. सायंकाळपर्यंत ओसरीवर लोखंडी किसाचा ढीग पडला आणि माझ्या हाती आरशासारखी गुळगुळीत खिट्टी आली.

वडिलांनी ती कडीत घातली. ती पलीकडून खाली पडली.

"ही खिट्टी होय का दाभन?"

"मापात किंचित फरक आहे. पृष्ठभाग निर्दोष आहे!"

"मंगरू, बंडी जुप!" मशीन भंगारात न्यायला बैलगाडी जुंपावी म्हणून त्यांनी गड्याला हाक मारली.

मी मशीनला पाठ लावून उभा राहिलो. "मला बंडीत घाला, हे जाणार नाही!"

ते बहुधा दोन्ही घालणार होते. तेवढ्यात शामकला परसातून आमच्या लग्नातला गंज, म्हणजे उभट पातेले, घेऊन आली. चुलीवर काळाठिक्कर पडलेला तो गंज आता लखलखत होता.

"राखेत थो कीस घेतला अन् घासला," ती म्हणाली.

वडिलांनी गंजात स्वतःच्या मिशा पाहिल्या, पीळ दिला आणि मंगरूला परत पाठवले. "मशीन राहू दे."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अनुसयाबाई रिकामे सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मूठभर कीस काढून द्या जी. तुमचं शिक्षन शेवटी कामी आलं!"

माझा संयम सुटला. हे यंत्र भांडी घासण्यासाठी नाही आणि या कामासाठी मी त्याच्या पायटीला पायदेखील लावणार नाही, असे मी ठणकावून सांगितले. शामकलेने शांतपणे यंत्रावरचा आपला पाटा उचलायला हात घातला.

मी अनुसयाबाईंना फक्त एवढेच विचारले, की कीस जाड हवा की बारीक.