एका घाण्याला पाच शेर गूळ

चुन्याचं काम मला जितकं कळतं तितकं कळमनुरीत एकाही गवंड्याला कळत नाही, असं मी १९९७ साली भर पेठेत सांगून बसले होते. शाळा माझी दुसरीपर्यंतच. पण पेठेतली दुकानांची इमारत माझ्या सासऱ्यानं निजामाच्या काळात बांधली, अन त्या चुन्यात काय काय घातलं ते सासूनं मला शंभरदा ऐकवलेलं.

आता ती इमारत अर्धी माझी, अर्धी धाकट्या जावेची, नर्मदाबाईची. बँकेला पेठेत जागा पाहिजे होती. साहेब म्हणाले, मंगळवारी येतो, जी बाजू नीट दिसेल ती घेतो. भाड्याचं मला काही नव्हतं. पण बँकेच्या दारात बंदूकवाला शिपाई बसतो! तो नर्मदाबाईच्या दारात बसला तर मी कोणत्या तोंडानं पेठेतून जाऊ?

तिनं लगेच पोपटी ऑइलपेंट मारला. भिंत तळलेल्या मिरचीसारखी चमकायला लागली. लोक थांबून बघून राहिले, अन इकडं माझ्या अंगाची आग. मी जळबाला बोलावलं, पेठेतला सगळ्यात म्हातारा गवंडी. म्हटलं, सासऱ्यानं केला तसाच अस्सल गिलावा कर.

तो म्हणाला, "चुना, रेती, बेलफळाचं पाणी. अन एका घाण्याला पाच शेर गूळ."

घाणा म्हणजे बैल फिरवून चुना मळायची चक्की. ती पेठेतून कधीच गेली. मग मी घाण्याच्या जागी घमेलं धरलं. जळबा जेवायला गेला, तेवढ्यात एकेका घमेल्यात पाच पाच शेर गूळ कालवला.

"मालकीणबाई, चुना लई चिकटून राहिला," तो आल्यावर म्हणाला.

"अस्सल चुना चिकटतोच," मी म्हटलं.

सोमवारी भिंत हस्तिदंतासारखी दिसली. नर्मदाबाईचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

मंगळवारी सकाळी बघते तर भिंत काळी, अन चालून राहिलेली. मुंग्या! त्यांच्यावर गांधीलमाशा. बाजाराला निघालेल्या बकऱ्यांपैकी एकीनं भिंत चाटली, मग सगळा कळप चाटायला लागला. तेवढ्यात साहेब आले.

"ही भिंत हलते का?" त्यांनी विचारलं.

जुनी वस्तू जिवंत असते, असं मी सांगतच होते, तर त्यांच्या कानाला गांधीलमाशी डसली. साहेब पळाले ते थेट नर्मदाबाईच्या ओट्यावर. तिनं पाणी दिलं, अन पानाच्या डबीतला चुना काढून कानाला लावला. मी गाडाभर चुना भिंतीला लावला, तिनं बोटभर साहेबाला लावला. बँक तिच्याकडं गेली.

महिन्यानं मी खातं उघडायला गेले. दारात बंदूक घेऊन बँकेचा शिपाई, शंकरसिंग.

"अम्मा, किधर?"

इमारत कुणाची ते मी सांगणार, तोच नर्मदाबाई ओट्यावरून बोलली, "जाऊ द्या त्यांना. आमच्या जाऊबाई हायेत."

"अच्छा, वो चींटीवाली?" म्हणत त्यानं उठून दार उघडलं.

मुंग्यासुद्धा अस्सल मालालाच लागतात, हे त्याला सुनवायचं राहूनच गेलं. पण बंदूकवाला माझ्यासाठी उभा राहिला, हे तर खरं? ते नर्मदाबाईनं बघितलं का, हे मी दोनदा वळून बघितलं. ती पान लावण्यात गुंग होती.