पोटातली गोटी

डॉक्टर इंगोले माणसाकडे नंतर पाहायचे, आधी त्याच्या कुत्र्याकडे, तेही मागून. आणीबाणीच्या आधी दोन-तीन वर्षं मी मालेगावच्या गुरांच्या दवाखान्यात त्यांचा कंपाउंडर होतो. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही कुत्रा दिसला की डॉक्टर उकिडवे बसत, मान वाकडी करत आणि निकाल देत, "एकच हाय." नराची दुसरी गोटी, म्हणजे अंड, खाली उतरलीच नाही, पोटात राहिली, तिथं तिची गाठ होते, हे ते जिलबी वाढणाऱ्यालाही समजावत. मग लोक त्यांना पंगतीला बोलवेनासे झाले.

दुसरा ध्यास छोट्या भोकाचा. पोट टराटरा फाडणाऱ्यांचा त्यांना राग होता. त्यांनी सायकलची तार वाकवून, घासून आकडा बनवला होता. ओल्या शेवयांनी भरलेल्या पिशवीत सुपारी दडवून ते डोळे मिटून ती आकड्यानं शोधत. नंतर शेवया मला घरी न्यायचा आग्रह करत.

खरा कुत्रा मात्र कोणी आणेना. शेवटी किराणावाले माणकचंदशेठ मोतीला घेऊन आले. मोतीनं चार दिवस अन्न सोडलं होतं. शेठना तो शब्द उच्चारवेना. खाली पाहत म्हणाले, "साहेब, एक माल दुकानात हाय, एक गोदामातच राह्यला."

कापाकापी म्हणताच शेठ पांढरे पडले. डॉक्टर म्हणाले, "कायले भेता? दोन बोटं जातीन एवढंच भोक."

ऑफिसचं टेबल धुतलं, आकडा उकळला, मोतीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. शेठ बाहेर पायरीवर नवकार मंत्र म्हणत बसले. डॉक्टर डोळे मिटून आत चाचपत राहिले. बराच वेळ झाला तसं मी म्हणालो, भोक वाढवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग आकडा अडकला आणि लिंबाएवढी गोटी हळूहळू बाहेर आली. टाके तीनच पडले. डॉक्टरांनी ते मला दोनदा मोजायला लावले.

शेठ दूध आणायला धावले. मी चहा घेऊन आलो, तर डॉक्टर जमिनीवर बसलेले. गुंगीतल्या मोतीचं डोकं मांडीवर, त्याच्या अंगावर स्वतःचा कोट. ते त्याला हळू आवाजात सांगत होते की बायको अमरावती सोडून इकडं येत नाही, आता पत्राचं उत्तरही देत नाही.

"ऊठ बापा," ते म्हणाले, "एवढं बोलाले दुसरं कोन हाय मले?"

मोतीचं शेपूट जरासं हललं. डॉक्टर पुढं बोलत राहिले. मी दारातच थांबलो. चहा निवला, तसा तो ओतून दिला आणि सावकाश चालत दुसरा आणायला गेलो.