गोदी ससीण आणि शहरातला शब्द

एका जंगलात गोदी नावाची ससीण राहायची, बाळांनो. तिला तीन पिल्लं होती, अजून नीट उडीही मारता न येणारी. आधीच सांगून ठेवते, पिल्लांना काही होत नाही. मध्येच रडायला लागू नका.

गोदीचं बीळ लहान होतं. ती आडवी झाली आणि पिल्लं पोटाशी घेतली, की भरलं. धाकट्याला सर्दी लवकर व्हायची, म्हणून ती रोज आतलं गवत बदलायची.

एक दिवस दारात रंगराव साळिंदर आले. ते चार महिने शहराच्या कडेला राहून आले होते आणि येताना एक इंग्रजी शब्द शिकून आले होते.

"वहिनी, जरा ॲडजस्ट करा," ते म्हणाले आणि आत शिरले.

गोदीला काही कळेना. शेजारच्या मुंगूसमावशीने तिला समजावलं. शहरात म्हणे हा शब्द बसमध्ये चालतो, दवाखान्याच्या रांगेत चालतो, सासरी तर दिवसभर चालतो. म्हणणारा बसतो, ऐकणारा सरकतो. ऐकणाऱ्याने तोंड वाकडं केलं, तर त्याला वळण नाही म्हणतात.

गोदीला वळण होतं. ती सरकली.

दुसऱ्या दिवशी रंगरावांची बायको आली. तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांचे काटे सगळ्यात लांब. गोदी प्रत्येक वेळी सरकली. चौथ्या दिवशी सरकता सरकता ती बिळाबाहेर निघाली. मग आत पिल्लांना काटे टोचायला लागले, तेव्हा तिने एकेकाला तोंडात धरून बाहेर आणलं. वारा गार होता. धाकटा शिंकला.

तिने रंगरावांना हळूच विचारलं, की आता तुम्ही थोडं ॲडजस्ट कराल का. ते म्हणाले, आमचा तसा स्वभाव नाही.

गोदी पिल्लं घेऊन सिंहाकडे गेली. सिंह गुहेत ऐसपैस पसरला होता, समोर दरबार बसला होता. तिने सगळं सांगितलं, सासूबाईंचे काटे किती लांब तेसुद्धा. पण तोवर शहरातला शब्द गुहेपर्यंत पोचला होता.

सिंहाने जांभई दिली. "बाई, संसार म्हटला की ॲडजस्ट करायचंच."

दरबाराने माना डोलावल्या.

गोदीने गुहेवर नजर फिरवली. गुहा कोरडी होती. उबदारही होती. तिने धाकट्याकडे पाहिलं.

"बरं महाराज," ती म्हणाली. "मग जरा ॲडजस्ट करा."

आणि तिने धाकट्याला सिंहाच्या दोन पंजांच्या मधोमध ठेवलं. मागोमाग बाकीची दोघं.

सिंहाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर राजाला वळण नाही असं जंगलभर होणार. तो सरकला.

पुढच्या आठवड्यात गोदीची बहीण आली, पाच पिल्लं घेऊन. मग तिच्या दोन जावा आल्या.

सिंह हल्ली करवंदीच्या जाळीत झोपतो. कोणी विचारलं, तर म्हणतो, इथे हवा चांगली येते.

तात्पर्य: समजूतदारपणा हा फार मोठा गुण आहे. तो दाखवण्याचा मान नेहमी समोरच्याला द्यावा.